विहीर ज्याची, पाणी कोणाचे?

(मुरुड, ता. दापोली येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहीर खणणे ही वरवर पाहता अगदी घरगुती बाब आहे. माणूस स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गरजेसाठी खड्डा खणतो. त्यात ग्रामसभेने, पक्षाने किंवा अर्थशास्त्राने लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आडात तरी पाणी कोठून येते, हा त्यापुढचा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो विचारला की विहीर घरगुती राहत नाही. कारण विहीर एकाची असली तरी तिच्यात उतरणारे पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून, गावच्या रस्त्याखालून आणि डोंगरावरच्या गायरानाखालून आलेले असते.

मुरुड हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य असे गाव आहे. मधून रस्ता, दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यापलीकडे पुळण, अशी या गावाची घडण. येथली वाडी पावसावर जगत नाही. पोफळीला उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून वाडी म्हटली की विहीर आलीच. गावाची संपत्ती दिसते झाडांच्या शेंड्यांवर. तिचे मूळ मात्र विहिरीच्या तळाशी आहे.

रहाट आणि पंप

पूर्वी या वाड्यांना पाणी रहाटाने दिले जाई. रहाटाच्या माळेला बांधलेले लोटे खाली जात, भरून वर येत, पन्हळीत ओतले जात आणि पाटांतून पाणी आळ्यांपर्यंत पोचे. काम कष्टाचे होते. बैल थके, माणूस थके आणि पहाटेपासून चालणारे शिंपणे उन्हे तापेपर्यंत संपवावे लागे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत एक गुण होता, आणि तो कोणी हेतुपूर्वक घातलेला नव्हता. रहाट जेवढे पाणी उपसू शके, साधारण तेवढेच पाणी झऱ्यांतून विहिरीत परत येत असे. बैलाची शक्ती हीच उपशाची मर्यादा होती.

पंपाने ही मर्यादा काढून टाकली. साधा हिशेब करून पाहावा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल, तर तो साठा सुमारे चौदा हजार लिटरचा होतो. एक अश्वशक्तीचा पंप सहा मीटर खोलीवरून, निम्मी कार्यक्षमता धरली तरी, तासाला वीस हजार लिटरांहून अधिक पाणी उचलतो. म्हणजे झऱ्यांची भर वगळली तर पाऊण तासात विहीर तळाला जाते. घरातली बटणे दाबणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला फक्त टाकी भरलेली दिसते. यात पंपाचा दोष नाही. बैलाच्या दमण्याने आपोआप पाळली जाणारी मर्यादा आता माणसांनी विचारपूर्वक पाळावयास हवी होती. तसा विचार करणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. यंत्र आले, पण यंत्राला साजेशी समाजरचना आली नाही. हे आपल्या विकासाचे जुनेच दुखणे आहे.

वाळूखालचे गोडे पाणी

दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा स्वप्नासारखा वाटेल. तरीही कोकणातल्या अनेक वाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण जमिनीच्या रचनेत आहे. वरचा जांभा सच्छिद्र. तो पाणी पटकन पितो. त्याखाली चिकणमातीचा थर आणि मग काळा कातळ. ते पाणी फारसे आत घेत नाहीत. त्यामुळे जांभ्यात मुरलेले पाणी आडवे सरकते, उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि पऱ्ह्यांतून समुद्राला मिळते. भाद्रपदात काठोकाठ असलेली विहीर चैत्रात तळ दाखविते, ती यामुळे. कोकणाला पाऊस कमी पडत नाही, पडलेला पाऊस थांबविणे कमी पडते.

समुद्रालगतच्या वाळूच्या पट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घैबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने या तरंगण्याचा नियम मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर एक फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी तोलून धरलेले असते. मुरुडसारख्या ठिकाणी वाळूखाली खडक असतो, भरती-ओहोटी असते, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब इतका सरळ राहत नाही. पण नियमाची दुसरी बाजू कायम राहते: वरची पातळी उपशामुळे एक फूट खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कित्येक फुटांनी वर चढू पाहते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. गोड्या विहिरीच्या शंभर भाग पाण्यात समुद्राचे दोन भाग मिसळले, तरी ते पाणी पिण्याच्या मानकाबाहेर जाते. आणि एकदा शिरलेला खार एका पावसाळ्यात धुऊन निघेलच असे नाही. विहीर आटली तर पुढच्या आषाढात भरते. विहीर खारावली तर एका पिढीच्या वाडीचे मरण ओढवू शकते. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्याने जास्त उपसा केला त्याचीच विहीर आधी खारावेल असे नाही. समुद्राला अधिक जवळ असलेल्या गरीब शेजाऱ्याला तो दंड आधी भरावा लागेल. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर लाभ खाजगी आणि तोटा सार्वजनिक, अशी ही स्थिती आहे.

हात की यंत्र?

आता विहीर खणायची कशी, या प्रश्नाकडे वळू. हाताने की यंत्राने, असा वाद गावोगाव चालतो. तो बहुधा खर्चाच्या अंगाने चालतो. पण त्याला आणखी तीन अंगे आहेत.

पहिले अंग श्रमाचे. तीन मीटर व्यासाची आणि सहा मीटर खोल विहीर म्हणजे सुमारे बेचाळीस घनमीटर खोदाई; वाळू-मुरमाचे वजन धरले तर सत्तर-ऐंशी टन माल. पहार, कुदळ, फावडे, घमेले आणि कप्पीवरचा दोर एवढ्या साधनांवर माणसे हा माल वर काढतात. खाली दोन-तीन माणसे खणतात, वरची ओढतात. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत वडार समाज अग्रभागी आहे. ज्यांनी गावोगावच्या विहिरी खणल्या, त्यांच्या पालांवर मात्र पाण्याची सोय क्वचितच असे. हाताने खणण्याचे गौरवगान करणाऱ्यांनी हा इतिहास विसरता कामा नये. वाळू ढासळून, दोर तुटून, सुरुंगाच्या चुकीने माणसे गेली, ती बहुतेक नोंदीवाचून गेली.

म्हणून यंत्र आले तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मातीखणीचे यंत्र काही तासांत ते काम करते, ज्याला टोळीला आठवडे लागत. जिवाचा धोका कमी होणार असेल आणि पाठ मोडणारे काम संपणार असेल, तर ते समाजवाद्याला हवेच आहे. मात्र दोन गोष्टी तपासाव्या लागतील. त्या कामावर जगणाऱ्या माणसाचे पुढे काय, ही एक. बांधकामाचे, जुन्या विहिरींच्या दुरुस्तीचे, गाळ काढण्याचे काम गावात भरपूर आहे आणि ते यंत्राला जमत नाही. ते त्याच हातांना, योग्य मजुरीने आणि विम्यासह मिळाले पाहिजे. दुसरी गोष्ट डॉ. राममनोहर लोहिया यांनी आग्रहाने मांडलेल्या छोट्या यंत्राच्या कल्पनेशी जुळते. यंत्र माणसाच्या आणि गावाच्या ताब्यात राहील एवढ्या मापाचे आहे की गावच यंत्राच्या मालकाच्या ताब्यात जाणार आहे, हे पाहावे लागते.

दुसरे अंग तंत्राचे. वाळूत सरळ खड्डा उभा राहत नाही. हाताने काम करणारे कारागीर जमिनीवर कडे मांडून त्यावर चिऱ्यांचे किंवा विटांचे बांधकाम चढवितात आणि आतून वाळू काढीत ते सगळे हळूहळू खाली उतरवितात. अलीकडे त्याऐवजी सिमेंटच्या कड्या वापरतात. यंत्राने खणायचे तर कडा उतरत्या ठेवाव्या लागतात, म्हणजे खड्डा पाहिजे त्याहून बराच रुंद होतो आणि लगतच्या माडाची मुळे उघडी पडतात. लहान वाडीत हाताचे काम सोयीचे पडते; मोकळ्या मुरमाड जागेत यंत्राचे. दोन्हींत खणण्याचा योग्य काळ एकच, चैत्र-वैशाख. त्या वेळी पाणी सर्वांत खाली असते, म्हणून तेव्हा लागलेले पाणी वर्षभर भरवशाचे ठरते.

यातच एक सूचना जिवाच्या मोलाची आहे. खोल विहिरीत उतरण्याआधी आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे याची खात्री झाली पाहिजे. आणि पाणी उपसण्यासाठी डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही उतरवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू वासाने कळत नाही. खाली पडलेल्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याला वाचविण्यासाठी तिसरा, आणि एका घरातली माणसे ओळीने जातात.

तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे. यंत्र म्हणताना गावात दोन वेगळी यंत्रे एकाच नावाने ओळखली जातात. एक रुंद आणि उथळ विहीर खणणारे. दुसरे अरुंद आणि खोल कूपनलिका पाडणारे. यांतला फरक आकड्यांत पाहावा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सात हजार लिटर. सहा इंची कूपनलिकेत एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम अठरा लिटर. विहीर हे साठवणीचे भांडे आहे. रात्रभर झिरपलेले पाणी ती सकाळसाठी राखून ठेवते. कूपनलिका ही निव्वळ नळी आहे. तिला पाणी सतत ओढत राहावे लागते. विहिरीचा व्यास दुप्पट केला तर झऱ्यांची आवक थोडीच वाढते, पण साठा चौपट होतो. म्हणून किनाऱ्यावर शहाणपणाची दिशा रुंदीची आहे, खोलीची नव्हे. खोल जाणारी नळी खाऱ्या पाण्याला वर येण्याची वाट करून देते. दुष्काळी भागात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिकांनी आणि हातपंपांनी मोठी कामगिरी बजावली, हे खरे. आज देशभर पसरलेल्या हातपंपाचे पूर्वरूप आपल्याच जालन्यात आणि सोलापुरात घडले. पण पठाराला जे मानवले ते पुळणीला मानवेल असे नाही.

कायद्याची बाजू

पाणी कोणाचे, याचे उत्तर आपल्या कायद्याने इंग्लंडकडून उसने घेतले. तेथे १८४३ मध्ये ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात असे ठरले की, मालकाने स्वतःच्या जमिनीखालचे पाणी काढल्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी शेजाऱ्याला दाद मागता येत नाही. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आले. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा अधिकार जमीनमालकाचा, असे तो सांगतो. कोळशाच्या खाणी वाढत असलेल्या देशात हा नियम भांडवलाच्या सोयीचा होता. पावसावर जगणाऱ्या देशात तो का असावा, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला यातली विसंगती चटकन कळावी. या जिल्ह्याने खोतीविरुद्ध लढा दिला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व अपुरे का होईना, कायद्यात आले. पाण्याच्या बाबतीत मात्र उपसेल त्याचे पाणी, हाच न्याय चालू राहिला. ज्याच्याजवळ जमीन नाही त्याला पाण्यावर हक्क नाही, आणि ज्याचा पंप मोठा त्याचा हक्क मोठा.

नंतर काही सुधारणा झाल्या. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खणण्यास बंदी केली. विधिमंडळाने २००९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०१४ मध्ये अंमलात आलेल्या नव्या कायद्याने नियमनाची कक्षा वाढविली. किनाऱ्यापुरता विचार केला तर केंद्राच्या १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेतले एक कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरांच्या पट्ट्यात भूजल काढायचे, तर ते साध्या विहिरीतून, हाताने, आणि पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी किंवा मासेमारीसाठीच काढावे, असे त्यात म्हटले होते. २०११ च्या अधिसूचनेनेही तो नियम ठेवला. हात की यंत्र, हा प्रश्न सरकारी कागदावरही असा उमटला होता. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील बांधकामांची बंधने काही बाबतींत सैल केली. पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या की आंघोळीचे पाणी वाढते, आणि ते पाणी त्याच वाळूखालून येते. पर्यटनाने गावाला चार पैसे मिळतात, ते मिळावेत. पण पाहुण्याच्या आंघोळीने यजमानाची विहीर खारट होणार असेल, तर त्या पैशाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

पाणवठा आणि समता

विहिरीच्या कठड्यावर या देशाची जातिव्यवस्था जितकी उघडी पडते तितकी क्वचितच कोठे पडत असेल. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक विहिरी, तळी सर्वांना खुली करावीत असे मुंबई विधिमंडळाने म्हटले. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि जुन्या वहिवाटीचा दावा उच्च न्यायालयाने अखेर फेटाळला तो १९३७ मध्ये. दहा वर्षे एका ओंजळीसाठी! बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. महाडही येथून दूर नाही.

मुरुडलाही या परंपरेत स्थान आहे. धोंडो केशव कर्वे या गावचे. मुंबईत शिक्षकी करीत असताना त्यांनी गावच्या सार्वजनिक कामांसाठी मुरुड फंड काढला. त्याच कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बहिष्काराची शिक्षा दिली. सार्वजनिक निधी उभारणारे गाव आणि बहिष्कार घालणारे गाव एकच होते. गाव एकत्र आले म्हणजे ते आपोआप न्यायाने वागते, असा भाबडा समज कार्यकर्त्याने ठेवू नये, एवढाच याचा अर्थ. सामायिक विहीर म्हणजे समतेची विहीर, असे नाही. तिचे नियम कोणी केले, यावर ते ठरते. आजही उन्हाळ्यात लांबून पाणी वाहून आणणाऱ्या हातांत बायकांचे हात किती आणि पाण्याचे निर्णय घेणाऱ्या बैठकीत बायकांचे आवाज किती, हे मोजले तर उत्तर मिळेल.

हे जमते का?

सामायिक साधनाचा विध्वंस अटळ आहे, म्हणून ते खाजगी मालकीकडे द्यावे किंवा सरकारच्या हुकमाखाली ठेवावे, असे पुष्कळ विद्वानांनी सांगितले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ते खोडून काढले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या विचाराचा आरंभ एका किनाऱ्यावरच्या विहिरींपासून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लॉस एंजलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यात बेसुमार उपशाने समुद्राचे पाणी आत शिरत होते. तेथल्या उपसा करणाऱ्यांनी एकत्र येऊन उपशाला मर्यादा घालून घेतली आणि किनाऱ्यालगत गोडे पाणी जमिनीत भरून समुद्राला थोपविले. १९६५ मधला त्यांचा प्रबंध त्याविषयी होता.

आपल्याकडचे उदाहरण अधिक मोलाचे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने वाटायचे. भूमिहीनालाही वाटा द्यायचा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. १८८२ च्या कायद्याने जोडलेली जमीन आणि पाण्याची गाठ या शेतकऱ्यांनी स्वतःच्या गावात सोडविली. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव पुढे अहिल्यानगर झाले, हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे ठरविले आणि पाळले.

कार्यकर्त्यांपुढचे काम

यातून मुरुड आणि आसपासच्या गावांसाठी काही कामे निघतात. कोणतेही मोठ्या खर्चाचे नाही.

एक, गावातल्या प्रत्येक विहिरीची नोंद करावी: व्यास, खोली, पंपाची शक्ती आणि पाण्याची चव. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते; निवडक विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. गाठी मारलेला दोर घेऊन शाळेतली मुलेसुद्धा तेच काम गावच्या सर्व विहिरींसाठी करू शकतात. आकडे फळ्यावर लागले की भांडण कमी होते आणि विचार सुरू होतो.

दोन, किनाऱ्यालगत नवी कूपनलिका नको, असा ठराव ग्रामसभेत व्हावा. नवी विहीर लागलीच तर ती उथळ, रुंद आणि शक्य तेथे दोन-चार घरांत मिळून असावी.

तीन, जुन्या विहिरींचा गाळ काढणे आणि कठडे बांधणे हे नव्या खोदाईच्या आधी यावे.

चार, डोंगरउतारावरच्या पऱ्ह्यांवर पावसाळा संपताच दगडांचे कच्चे बंधारे घालावेत. दापोलीचे कृषी विद्यापीठ याविषयीचे तंत्र जाणते. ते वाडीवस्तीपर्यंत आणणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

पाच, खोदाई करणाऱ्यांची मजुरी, विमा आणि सुरक्षितता यांची जबाबदारी काम देणाऱ्याने घेतल्यावाचून विहिरीचा नारळ फुटू नये.

या मागण्यांत क्रांतीचा गडगडाट नाही, असे कोणी म्हणेल. पण जमिनीखालचे पाणी हे कोणा एकाचे नाही, हे एक वाक्य ज्या दिवशी एक गाव मनापासून मान्य करील, त्या दिवशी मालकीच्या कल्पनेला जो तडा जाईल तो लहान नसेल. विहीर ज्याची त्याची असू द्या. तिच्यातले पाणी ज्या पावसाचे, ज्या डोंगराचे आणि ज्या गावाचे आहे, त्याचा वाटा मात्र ठरला पाहिजे. तो ठरविण्याचे काम समुद्रावर सोपविले, तर तो सर्वांना सारखेच पाणी देईल. पण ते खारे असेल.